व्हिडिओ सर्चमध्ये सापडत नाही: पान, फाइल, शब्द यात नेमकं कुठे अडतं?

कोरीपाटी

व्हिडिओ चढवला, शीर्षक दिलं, टॅग भरले, तरी गूगलवर नावानिशी शोधूनही तो येत नाही. हा प्रश्न इथे दहा धाग्यांत विखुरलाय, म्हणून एका जागी चर्चा व्हावी.

माझ्या मते गल्लत सुरुवातीलाच होते. आपल्याला व्हिडिओ दिसतो, सर्च इंजिनला आधी पान दिसतं. पानच इंडेक्समध्ये (सर्च इंजिनच्या नोंदवहीत) नसेल तर त्यावरचा व्हिडिओ असून नसल्यासारखा. आणि पान इंडेक्समध्ये असूनही ते 'व्हिडिओ बघण्यासाठीचं पान' नसेल, तरीही व्हिडिओ म्हणून त्याचा विचार होत नाही.

गूगलने २०२३ मध्ये हे दोन टप्प्यांत कडक केलं. एप्रिलमध्ये साध्या निकालांत व्हिडिओचा थंबनेल (छोटं चित्र) फक्त अशा पानांना मिळू लागला ज्यांवर व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे. डिसेंबरमध्ये तोच नियम 'व्हिडिओ' टॅबलाही लागू झाला. त्याआधी लांब लेखाच्या मध्ये कुठेतरी व्हिडिओ एम्बेड केला (पानात बसवला) तरी टॅबमध्ये जागा मिळायची. ती आता मिळत नाही, आणि बऱ्याच जुन्या साइट्सचे आकडे तिथेच कोसळले. साइटचा दर्जा घसरला असा त्याचा अर्थ नव्हे. ती पानं वर्गवारीतून बाहेर पडली, एवढंच.

मग कुठलं पान चालतं? एका पत्त्यावर एकच व्हिडिओ, तो उघडताक्षणी दिसणारा, आणि बाकी मजकूर त्याच्या सोबतीला. चालत नाही ते असं: लेख मुख्य आणि व्हिडिओ जोडीला, वस्तूच्या पानावर फोटोंसोबत छोटी फिरती क्लिप, बारा व्हिडिओंची यादी, सगळे सारख्याच आकाराचे. यादीचं पान ठेवा, त्याला हरकत नाही. पण त्यातल्या प्रत्येक व्हिडिओला स्वतःचं वेगळं पान आणि स्वतःचा कायमचा पत्ता हवा. तो पत्ता हॅश चिन्हानंतरचा तुकडा नको, कारण हॅशपुढचा भाग बदलला तरी गूगलसाठी पान तेच राहतं.

लेख आधीच चांगला चालत असेल तर त्याला हात लावू नका. त्यातला व्हिडिओ वेगळ्या पानावर मोठ्या आकारात ठेवा आणि लेखातून त्या पानाकडे दुवा द्या.

यूट्यूबच्या आतला शोध हा निराळा विषय आहे. तो खाली येईलच. आधी स्वतःच्या साइटचं बोलू.

दुवेदार

चांगला धागा, कोरीपाटी. 'पान चालतं की नाही' याचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) 'व्हिडिओ इंडेक्सिंग' नावाचा अहवाल २०२२ पासून आहे. किती पानांवर व्हिडिओ सापडला, त्यातले किती इंडेक्स झाले, आणि राहिलेले कोणत्या कारणाने राहिले, हे तिथे लिहिलेलं असतं. कारणं वाचताना या गोष्टी लक्षात ठेवा (पहिली तीन कारणं २०२३ पर्यंत वेगळी दिसायची, नंतर ती 'बघण्याच्या पानावर नाही' यातच मोडली गेली):

'व्हिडिओ फार लहान'. उंची १४० पिक्सेलपेक्षा जास्त हवी. रुंदीही १४० पेक्षा जास्त हवी आणि पानाच्या रुंदीच्या किमान एक तृतीयांश. बाजूच्या पट्टीत टाकलेला प्लेअर इथेच बाद होतो.

'व्हिडिओ फार उंच'. उंची १०८० पिक्सेलपेक्षा कमी हवी. ही अडचण उभ्या व्हिडिओंना हमखास येते. रुंदी शंभर टक्के ठेवली आणि ९:१६ प्रमाण असलं की मोठ्या पडद्यावर उंची सरळ दीड-दोन हजारांवर जाते. उपाय सोपा आहे: प्लेअरला कमाल उंची द्या आणि तो मध्यभागी ठेवा.

'व्हिडिओ दृश्य भागाबाहेर'. पान उघडल्यावर व्हिडिओ दिसत नाही, खाली सरकावं लागतं, किंवा तो एखाद्या बंद टॅबमध्ये दडलेला आहे.

'बघण्याच्या पानावर नाही'. वर कोरीपाटींनी सांगितलं तेच. हा दोष कोड बदलून जात नाही, पानाची मांडणीच बदलावी लागते.

मग थंबनेलची कारणं: पत्ताच नाही, आकार चुकीचा, रोबोट्स.टीएक्सटीने (सर्च इंजिनने काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलने) अडवलेला, किंवा चित्र फार पारदर्शक. थंबनेल किमान ६० बाय ३० पिक्सेलचं लागतं, पण एवढ्यावर थांबू नका, १२८० बाय ७२० करा. पारदर्शकतेचा नियम असा की किमान ८० टक्के पिक्सेलची अल्फा किंमत (अपारदर्शकता, ० ते २५५) २५० च्या वर हवी. लोगो असलेलं पारदर्शक पीएनजी थंबनेल म्हणून वापरलं की गाडी इथे अडते.

दुरुस्तीनंतर त्याच अहवालात 'दुरुस्ती तपासा' बटण दाबा. सगळी पानं एकदम बदलण्याआधी एकच पान बदलून सर्च कन्सोलच्या यूआरएल (पत्ता) तपासणीत बघा.

सावलीझाड

एक शंका. पान लवकर उघडावं म्हणून खरा प्लेअर न टाकता फक्त थंबनेल आणि त्यावर प्ले-चिन्ह ठेवायचं, क्लिक केल्यावरच आयफ्रेम (दुसरीकडचा प्लेअर दाखवणारी चौकट) आणायची, ही पद्धत सर्रास वापरतात. वेगाच्या दृष्टीने ती उत्तम आहे. शोधाच्या दृष्टीने तिचं काय?

दुवेदार

सावलीझाड, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. गूगलबॉट (पानं वाचणारा गूगलचा प्रोग्राम) क्लिक करत नाही, टाइप करत नाही, बोटाने सरकवत नाही. क्लिकवर येणारा प्लेअर त्याच्यासाठी कधीच येत नाही. त्याला दिसतं ते एक चित्र. संरचित डेटात (पानाच्या कोडमध्ये यंत्रासाठी लिहिलेल्या नोंदीत) व्हिडिओची माहिती भरली तरी पानावर प्लेअर किती मोठा, कुठे आहे, हे ठरवायला त्याला खरा प्लेअर लागतो.

म्हणून मी असं वाटून घेईन. ज्या पानाचा मुख्य माल व्हिडिओ आहे, तिथे वरचा प्लेअर खरा ठेवायचा. 'संबंधित व्हिडिओ' वगैरे खाली जे काही आहे, तिथे खुशाल फक्त चित्रं ठेवा.

मुख्य प्लेअर खरा ठेवूनही वेग राखता येतो. स्वतःची फाइल असेल तर व्हिडिओ टॅगला पोस्टर चित्र द्या आणि प्रीलोड 'नन' किंवा 'मेटाडेटा' ठेवा. टॅग पानात असतो, त्याला आकार असतो, फक्त जड फाइल प्ले केल्याशिवाय उतरत नाही. रुंदी आणि उंची दोन्ही लिहा. नाहीतर प्लेअर आधी शून्य उंचीचा बनतो, मग फुगतो, आणि खालचा मजकूर उडी मारतो. ब्राउझरचं स्वतःचं लेझी लोडिंग (गरज पडल्यावरच उतरवणं) चालतं, कारण त्याला क्लिक लागत नाही. पण वरच्याच प्लेअरला ते लावून मिळकत काहीच नाही.

याच जातीचा आणखी एक दोष आहे आणि तो शोधायला फार वेळ जातो: कुकी-संमतीची पट्टी. काही पट्ट्या 'मान्य' दाबेपर्यंत बाहेरचे सगळे प्लेअर रोखून धरतात. तुमच्या ब्राउझरने कधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला सगळं ठीक दिसतं. गूगलबॉटने मान्य केलेलं नसतं. यूआरएल तपासणीत 'थेट यूआरएल तपासा' करून स्क्रीनशॉट आणि रेंडर झालेलं एचटीएमएल बघा. त्यात व्हिडिओ टॅग किंवा आयफ्रेम नसेल, तर आधी तेच निस्तरा.

मात्रावेलांटी

संरचित डेटाबद्दल मी लिहिते. स्कीमाच्या 'व्हिडिओऑब्जेक्ट' प्रकारात गूगलला अनिवार्य असे तीनच गुणधर्म आहेत: नेम, थंबनेलयूआरएल आणि अपलोडडेट. (कोडमध्ये नावं अर्थातच रोमन लिपीत, इथे वाचायला देवनागरीत.) तीन भरले की तपासणी हिरवी होते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण खरं काम करतात ते पुढचे: डिस्क्रिप्शन, ड्युरेशन, कंटेंटयूआरएल आणि एम्बेडयूआरएल.

कंटेंटयूआरएल म्हणजे व्हिडिओच्या प्रत्यक्ष फाइलचा पत्ता, एमपी४, वेबएम किंवा एम३यू८. एम्बेडयूआरएल म्हणजे प्लेअरचा पत्ता. इथे दोन चुका नेहमी दिसतात. एक, कंटेंटयूआरएलमध्ये पानाचाच पत्ता टाकतात. दुसरी, ब्राउझरच्या तपासणी खिडकीतून 'ब्लॉब' ने सुरू होणारा पत्ता उचलून चिकटवतात. तो पत्ता त्या ब्राउझरच्या त्या सत्रापुरता असतो, दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर उघडत नाही.

अपलोडडेटमध्ये वेळ आणि वेळक्षेत्र दोन्ही लिहा. वेळक्षेत्र नसेल तर गूगलबॉट स्वतःचं वेळक्षेत्र धरून चालतो. ड्युरेशन आयएसओ ८६०१ पद्धतीने लिहायचं: ४ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे पी, टी, ४, एम, ३५, एस ही अक्षरं सलग. नुसतं ४:३५ चालत नाही. आणि आकडे इंग्रजीच (0 ते 9) हवेत. देवनागरी आकडा जेएसओएनला (हा डेटा लिहिण्याची पद्धत) आकडा वाटत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. कोड वर्ड-प्रोसेसरमधून गेला की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात आणि आख्खा जेएसओएन मोडतो. नजरेला फरक जवळपास कळत नाही. रिच रिझल्ट्स टेस्ट (संरचित डेटा तपासणारं गूगलचं साधन) वाचताच येत नाही म्हणून सांगते आणि आपण गुणधर्म तपासत बसतो.

महत्त्वाच्या क्षणांसाठी 'क्लिप' वापरा. प्रत्येक भागाला नाव, सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि त्या क्षणाला उघडणारा पत्ता. ४० व्या सेकंदाचा पत्ता म्हणजे त्याच पानाचा पत्ता, शेवटी टी बरोबर ४० (t=40). पत्ता लिहिला की काम झालं असं नाही: तो उघडल्यावर प्लेअर खरोखर ४० व्या सेकंदापासून सुरू झाला पाहिजे. स्वतःच्या प्लेअरला हे शिकवावं लागतं, नाहीतर दुवा बरोबर दिसतो आणि व्हिडिओ शून्यापासून चालू होतो. दोन क्लिप एकाच सेकंदाला सुरू होऊ देऊ नका. व्हिडिओ किमान ३० सेकंदांचा हवा.

कोरीपाटी

मात्रावेलांटी, फार नेमकं लिहिलंत. त्यात भर: 'एक्स्पायर्स' हा गुणधर्म गरज नसताना भरू नका. काही थीम आणि प्लगिन तो आपोआप भरतात. तारीख उलटली की व्हिडिओ निकालांतून जातो आणि पान मात्र जसंच्या तसं राहतं, त्यामुळे कारण सुचत नाही.

तसंच रोबोट्स मेटा टॅगमध्ये 'मॅक्स-व्हिडिओ-प्रिव्ह्यू' शून्य आहे का ते बघा. शून्य असेल तर निकालात हलणारी झलक येत नाही, फार तर स्थिर चित्र येतं. उणे एक म्हणजे मर्यादा नाही.

आणि कॅनॉनिकल, म्हणजे मूळ पान कोणतं हे सांगणारा टॅग! वर सांगितलेल्या 'टी बरोबर ४०' वाल्या पत्त्यांचा कॅनॉनिकल मूळ पानाकडे हवा. उलट प्रत्येक व्हिडिओ-पानाचा कॅनॉनिकल चुकून यादीच्या पानाकडे गेला, तर तुम्ही स्वतःच सांगताय की ही पानं इंडेक्स करू नका.

पहिलापाऊस

व्हिडिओची फाइल गूगलला खरंच उघडी ठेवायची? चोरी होऊ नये म्हणून बहुतेक जण सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावर) सही केलेले, तासाभरात संपणारे पत्ते वापरतात.

दुवेदार

फाइल उघडी असेल तर गूगल ती स्वतः बघू शकतो. त्यातून दोन फायदे: निकालातली झलक आणि महत्त्वाचे क्षण स्वतःहून ओळखणं. फाइल बंद ठेवून थंबनेल आणि संरचित डेटा दिला तरी व्हिडिओ निकालात येऊ शकतो, पण हे दोन्ही हुकतं.

संपणाऱ्या पत्त्यांची अडचण वेगळी. गूगलबॉट आज पान वाचतो, फाइल किंवा थंबनेल कदाचित नंतर मागतो. तोवर पत्ता मेलेला. पुढच्या भेटीत त्याच व्हिडिओचा पत्ता निराळा, म्हणजे त्याच्या हिशेबाने हा नवाच व्हिडिओ. दर भेटीला नवं थंबनेल, नवी फाइल, आणि जुनं सगळं ४०३ (परवानगी नाही). निदान थंबनेलचा पत्ता तरी कायमचा आणि सर्वांना उघडा ठेवा. चित्र चोरीला जाण्याची चिंता करण्यात अर्थ नाही.

फाइल जपायचीच असेल तर स्थिर पत्ता ठेवा आणि सर्व्हरवर ठरवा की सामान्य मागणीला सही लागेल, गूगलबॉटला लागणार नाही. पण फक्त 'यूजर एजंट' चं (मागणाऱ्याने स्वतः सांगितलेलं) नाव बघून आत सोडू नका, ते नाव कोणीही लावतो. आयपीवरून (मागणाऱ्या यंत्राच्या क्रमांकावरून) उलट डीएनएस शोध, म्हणजे नावाचा शोध, घ्यायचा, आलेलं नाव गूगलच्या डोमेनचं आहे का बघायचं, मग त्या नावावरून पुन्हा आयपी काढून तोच येतो का तपासायचं. दोन्ही जुळलं तरच खरा.

आणि रोबोट्स.टीएक्सटी तपासताना फक्त मुख्य डोमेनची बघू नका. मीडिया वेगळ्या उपडोमेनवर असेल तर तिथली फाइल वेगळी असते, आणि 'सगळं बंद' ही ओळ नेमकी तिथे विसरलेली सापडते.

शब्दवेध

तांत्रिक बाजू वर छान आली आहे, मी शब्दांकडे वळतो. इथून पुढचं बरंचसं यूट्यूबला आणि स्वतःच्या पानाला सारखंच लागू आहे.

उदाहरण घेऊ. शिलाई मशीनवर दोरा सारखा तुटतो, त्यावर ४ मिनिटं ३५ सेकंदांचा व्हिडिओ आहे. शीर्षक असं दिलेलं असतं: 'शिलाई शिका भाग १४ – महत्त्वाच्या टिप्स – नक्की पहा'. शोधणारी व्यक्ती यातलं काहीही टाइप करत नाही. ती लिहिते, 'शिलाई मशीनचा दोरा का तुटतो'. म्हणून शीर्षक: 'शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटतो? सुई, ताण आणि बॉबिन तपासा'. अडचण पहिल्या शब्दांत, उपाय पुढे, मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक हवाच असेल तर अगदी शेवटी. यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण छोट्या पडद्यावर त्याच्या कितीतरी आधीच ते कापलं जातं. कळीचे शब्द शेवटी नव्हे, डाव्या टोकाला ठेवा.

वर्णनाची मर्यादा ५,००० अक्षरांची. पण 'आणखी' दाबण्याआधी दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. तिथे 'नमस्कार मंडळी, चॅनलवर स्वागत' आणि पाच सोशल दुवे टाकणं म्हणजे दुकानाच्या दर्शनी काचेत रिकामी खोकी मांडणं. त्याऐवजी असं लिहा: 'वरचा दोरा सुईपाशी तुटत असेल तर सुई उलटी बसली आहे का ते आधी बघा, ताणाच्या चकत्यांपाशी तुटत असेल तर चकत्यांत अडकलेलं सूत काढा. दोन्ही तपासण्या क्रमाने दाखवल्या आहेत.' एवढ्यात सुई, ताण, चकत्या, वरचा दोरा हे सगळे शब्द सहज येऊन गेले. मुद्दाम कोंबावे लागले नाहीत.

वर्णनातच प्रकरणं:

०:०० दोरा नेमका कुठे तुटतो ते ओळखणं
०:४० सुई उलटी बसली आहे का
१:३५ वरच्या दोऱ्याचा ताण कमी करणं
२:५० बॉबिन आणि तिच्या पेटीतला कचरा
३:४५ कापडाच्या तुकड्यावर टाका तपासणं

नियम तीन. पहिली वेळ शून्य मिनिट शून्य सेकंदच हवी, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात, आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. यातला एक मोडला तरी प्रकरणं पडत नाहीत, आणि यूट्यूब कारण सांगत बसत नाही. प्रत्यक्ष टाकताना वेळेचे आकडे इंग्रजी ठेवा. प्रकरणाला 'प्रस्तावना', 'मुख्य भाग', 'समारोप' असली नावं देऊ नका. 'सुई उलटी बसली आहे का' हा स्वतःच एक शोध आहे. गूगलच्या निकालात हे क्षण व्हिडिओखाली उलगडतात आणि माणूस थेट तिथे पोचतो.

शब्द कुठून आणायचे? शोधपट्टीत विषयाचे पहिले दोन शब्द टाइप करून पुढे काय सुचवतंय ते बघा. यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत 'यूट्यूब सर्च' या स्रोतावर क्लिक केलं की लोकांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे मिळतात. प्रतिक्रियांमध्ये विचारलेले प्रश्नही बघा. लोक 'बॉबिन' ला काय म्हणतात हे तिथे कळतं, आणि तोच शब्द वर्णनात हवा.

सावलीझाड

आणि टॅग? टॅगवरच सगळ्यात जास्त वेळ घालवला जातो.

शब्दवेध

टॅगना शेवटची पाच मिनिटं द्या. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा किरकोळ आहे आणि नेहमी चुकीचं लिहिलं जाणाऱ्या शब्दांसाठी त्यांचा उपयोग आहे. मूळ शब्दाची दोन-तीन पर्यायी रूपं टाका आणि पुढे चला. हॅशटॅगचा अतिरेक तर उलटतो: एका व्हिडिओला ६० पेक्षा जास्त झाले की यूट्यूब त्या व्हिडिओचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करतं.

यूट्यूबच्या शोधात क्रम ठरतो तो शब्दांचा मेळ, लोकांचा प्रतिसाद आणि दर्जा यांवर. मेळ शीर्षक-वर्णनाने जुळवता येतो. प्रतिसाद मात्र व्हिडिओच देतो. शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या मिनिटाला येत असेल, तर शोधून आलेला माणूस विसाव्या सेकंदाला परत गेलेला असतो. म्हणून शोधावर चालणाऱ्या व्हिडिओत लांब सुरुवातीचं संगीत, ओळख, मागच्या भागाचा आढावा काढून टाका. आधीच चढवलेला असेल तर पुन्हा चढवू नका, पत्ता आणि दर्शकसंख्या दोन्ही जातील. स्टुडिओच्या संपादकात सुरुवात छाटता येते, पत्ता तोच राहतो. छाटल्यावर प्रकरणांच्या वेळा मात्र सरकवायला विसरू नका.

मात्रावेलांटी

उपशीर्षकांचा मुद्दा राहिला. माझ्या मते शब्दांच्या बाजूने सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक मोलाचं काम ते. आपोआप बनलेली उपशीर्षकं तशीच ठेवली तर विषयातले खास शब्द नेमके चुकतात, आणि शोधायला तेच शब्द लागतात. फाइल उतरवून घ्या, दुरुस्त करा, परत चढवा.

एसआरटी आणि व्हीटीटी या दोन फाइली सारख्या दिसतात आणि इथेच घोळ होतो. व्हीटीटीची पहिली ओळ रोमन अक्षरांत 'वेबव्हीटीटी' अशीच हवी, त्यानंतर एक रिकामी ओळ. त्यात सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये टिंब असतं. एसआरटीत तिथे स्वल्पविराम असतो, आणि प्रत्येक उपशीर्षकाला क्रमांक लागतो. नुसतं फाइलचं नाव बदलून एसआरटीचं व्हीटीटी होत नाही. ब्राउझर मुकाट्याने काहीच दाखवत नाही. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी ठेवा.

फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मध्येच साठवा. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. शीर्षकात, वर्णनात, उपशीर्षकांत कुठेही तो चिकटवला तर शोधाच्या दृष्टीने ते मराठी नाहीच. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघा.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'ॲप' मधलं 'ॲ' एकाच संकेताचं लिहिता येतं, किंवा 'अ' वर चंद्र देऊन दोन संकेतांचं. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्य' ही दोन पद्धतींनी उमटतो. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला वेगवेगळे. स्वतःच्या साइटवरची शोधपेटी साधी अक्षरजुळणी करत असेल तर अर्धे व्हिडिओ तिथे सापडणारच नाहीत. दोन्ही रूपं साठवतानाच एकाच रूपात आणायची सोय करून घ्या. युनिकोडचं नेहमीचं 'एनएफसी' सामान्यीकरण 'ॲ' च्या या दोन रूपांना एक करत नाही, हा बदल आपल्यालाच करावा लागतो.

पहिलापाऊस

उपशीर्षकांचा मजकूर पानावरही टाकावा ना? की लेख मोठा झाला म्हणून पान पुन्हा 'लेख' ठरेल?

मात्रावेलांटी

टाकावाच. पण प्लेअरच्या खाली, आणि कच्चा नको. 'तर आता आपण काय करणार आहोत' वगैरे बोलण्यातला भराव काढा, परिच्छेद पाडा, प्रकरणांची नावं मधली शीर्षकं म्हणून द्या आणि प्रत्येकाला प्लेअरमधल्या त्या वेळेचा दुवा जोडा. मजकूर घडीत ठेवायचा असेल तर एचटीएमएलचा 'डिटेल्स' टॅग वापरा, त्यातला मजकूर पानातच असतो. क्लिकवर सर्व्हरकडून मागवलेला मजकूर गूगलबॉटला मिळत नाही, वर प्लेअरबद्दल झालं तेच.

व्हिडिओ वर आणि मोठा राहिला तर खालच्या लिखित रूपाने बिघडत नाही. बिघडतं ते व्हिडिओच्या आधी चार परिच्छेद आणि दोन जाहिराती आल्या की.

दुवेदार

साइटमॅपबद्दल (साइटवरच्या पत्त्यांची सर्च इंजिनसाठीची यादी) थोडक्यात. पन्नास-साठ व्हिडिओ असतील आणि पानं एकमेकांना नीट जोडलेली असतील तर व्हिडिओ साइटमॅपवाचून अडत नाही. शेकडो असतील तर करा. प्रत्येक नोंदीत थंबनेलचा पत्ता, शीर्षक, वर्णन, आणि फाइल किंवा प्लेअर यांपैकी एकाचा तरी पत्ता हवा. वर्णन २,०४८ अक्षरांपर्यंत. कालावधी सेकंदांत, १ ते २८,८०० मध्ये; म्हणजे इथे ४:३५ चे २७५ होतात, वरच्या पी-टी पद्धतीने नव्हे. एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि न दाबलेला आकार ५० एमबी ही सर्वसाधारण साइटमॅपची मर्यादा इथेही आहे. जुन्या मार्गदर्शकांत किंमत, वर्ग, गॅलरी वगैरे टॅग दिसतात. गूगलने ते २०२२ मध्ये काढले, भरत बसू नका.

शीर्षक, थंबनेल आणि वर्णन साइटमॅपमध्ये एक, संरचित डेटात दुसरं, असं होऊ देऊ नका. दोन्ही जागी एकाच नोंदीतून माहिती जाऊ द्या.

व्हिडिओ काढून टाकला तर पान ४०४ (सापडत नाही) द्या किंवा नोइंडेक्स (इंडेक्स करू नका असा टॅग) लावा. 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही' असं लिहून पान २०० (सगळं ठीक) देत राहिलं तर सर्च इंजिनला काही कळत नाही.

सावलीझाड

शेवटचा प्रश्न. यूट्यूबवरचा व्हिडिओच स्वतःच्या पानावर एम्बेड केला तर गूगलमध्ये कोण येतं?

कोरीपाटी

दोन्ही पानं इंडेक्स होऊ शकतात, पण पुष्कळदा यूट्यूबचंच पान पुढे येतं. त्याचं पान पूर्णपणे बघण्यासाठीच आहे, आणि प्रतिसाद, प्रकरणं, उपशीर्षकं सगळी तिथेच आहेत. तुमच्या पानावर जास्तीचं काय आहे, हा प्रश्न. लिखित रूप, आकृत्या, सुट्या भागांची मापं असं काही असेल तर ते पान स्वतःच्या बळावर साध्या निकालांत येतं. एम्बेड करत असाल तर व्हिडिओचं 'एम्बेड करू द्या' चालू आहे ना, आणि त्यावर वयाची मर्यादा लागलेली नाही ना, ते बघा. वयमर्यादा असलेला व्हिडिओ बहुतेक बाहेरच्या साइट्सवर चालत नाही आणि पानावर रिकामी काळी चौकट उरते. 'असूचीबद्ध' ठेवलेला व्हिडिओ यूट्यूबच्या शोधात सहसा येत नाही, हेही विसरू नका.

एका गोष्टीवर मी अडून राहीन: सगळं एकदम बदलू नका. आज मांडणी, मग महिनाभराने शीर्षकं, असं करा आणि तारीख लिहून ठेवा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात शोधप्रकार 'व्हिडिओ' निवडा, बदलाआधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवा. तिथला डेटा १६ महिनेच राहतो, म्हणून जुने आकडे आधी उतरवून घ्या. इंप्रेशन (निकालात दिसण्याची संख्या) वाढून क्लिक तसेच राहिले तर शीर्षक आणि थंबनेल बघा. इंप्रेशनच नसतील तर शीर्षकाला हात लावू नका, आधी इंडेक्सिंग अहवालात जा.

आणि इंडेक्स झालेलं पानही लगेच व्हिडिओ म्हणून घेतलं जात नाही. ते साध्या शोधात बरं चाललं पाहिजे, अशी गूगलची अट आहे. म्हणून नव्या पानाला साइटच्या आतून, चालत्या लेखांतून दुवे द्या. यादीच्या आठव्या पानावर दडलेल्या व्हिडिओला कोड कितीही निर्दोष असला तरी वाट बघावी लागते.